किरिबातीच्या बाहेरच्या बेटावर पहिलं वर्ष: तरुण मिशनरींसाठी पायरीपायरीने

वसई, गोवा, पुणे, नाशिक इथले तरुण धर्मगुरू, ब्रदर आणि सिस्टर आता जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात नेमले जातात. तुमच्या नेमणुकीच्या पत्रावर किरिबातीचं नाव असेल, आणि तेही राजधानी तारावा सोडून एखाद्या बाहेरच्या बेटाचं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी गिल्बर्ट बेटांच्या, म्हणजे तारावा ज्यात येतं त्या किरिबातीच्या पश्चिमेकडच्या द्वीपसमूहाच्या, दक्षिण भागात राहिलो आहे. जाण्याआधी मला धर्मशास्त्र सांगणारे पुष्कळ भेटले, पण तिथे अंघोळीला किती पाणी घ्यायचं हे कुणी सांगितलं नाही. ते आणि तसलं बाकीचं इथे लिहितो.

आधी थोडक्यात देश. नाव लिहितात किरिबाती, उच्चारतात किरिबास. एकूण ३३ बेटं, बहुतेक सगळी प्रवाळाची कंकणद्वीपं, म्हणजे मधल्या उथळ पाण्याभोवती कड्यासारखी पसरलेली सखल बेटं. सारी जमीन मिळून सुमारे ८११ चौरस किलोमीटर, पण ती विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना हजारो किलोमीटर समुद्रात विखुरलेली. लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या आसपास, त्यातली निम्म्याहून जास्त दक्षिण तारावात. १२ जुलै १९७९ रोजी ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. निम्म्याहून अधिक लोक कॅथलिक.

एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवा, कारण खालच्या सगळ्या पायऱ्या तिच्याभोवती फिरतात. बेटावर पाणी, जमीन, जळण, औषध, सगळं मोजकं असतं. तुम्ही उतरलात की त्या मोजक्यात एक वाटेकरी वाढतो. लोक तोंडाने काही बोलणार नाहीत, उलट स्वतःच्या वाट्याचं तुमच्यापुढे ठेवतील. म्हणून पहिल्या वर्षाचं खरं काम हेच: कुणावर भार न होता राहायला शिकायचं. प्रवचनं नंतर.

१. कागदपत्रं: निदान सहा महिने आधी

यादी लांब आहे, पण अवघड नाही. अडतं ते उशिरामुळे.

- पासपोर्ट: नेमणुकीच्या संपूर्ण काळाला पुरून उरेल इतक्या मुदतीचा. बेटावरून नूतनीकरण करणं फार जिकिरीचं. किरिबातीचं भारतीय काम फिजीतल्या सुवा इथलं आपलं उच्चायुक्तालय पाहतं, म्हणजे पासपोर्ट समुद्रापार पाठवणं आलं.
- यजमान धर्मप्रांताचं निमंत्रणपत्र. तारावा आणि नाउरू हा एकच धर्मप्रांत आहे. राहण्या-जेवणाची जबाबदारी कोणाची, हे पत्रात स्पष्ट हवं.
- काम आणि वास्तव्याचा परवाना. अर्ज यजमानांकडून होतो. ‘आल्यावर बघू’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे लेखी उत्तर मागा आणि परवान्याची प्रत हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवा केंद्रातून.
- संघाच्या वरिष्ठांचं पत्र, गुरुदीक्षेचा किंवा व्रताचा दाखला, शिक्षणाच्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती.
- बालसुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. कुणी मागितला नाही तरी न्या.
- वैद्यकीय तपासणी आणि छातीचा एक्स-रे. किरिबातीत क्षयरोग बराच आहे, म्हणून जातानाचा स्वच्छ एक्स-रे पुढे तुलनेला कामी येतो.
- धनुर्वात, विषमज्वर, कावीळ अ आणि ब, गोवर यांच्या लसींची नोंद.
- विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च भरणारा आरोग्यविमा. ही अट पॉलिसीत खरोखर लिहिलेली आहे ना, ते स्वतः वाचा.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे वाटेतल्या देशाचा व्हिसा. सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून फिजीतल्या नाडीला आणि तिथून तारावाला जाणारा मार्ग भारतीय पासपोर्टवाल्याला सोपा पडतो, कारण फिजीत थोड्या मुक्कामाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. स्वस्त तिकीट ऑस्ट्रेलियावरून दिसलं तर थांबा: तिथे विमान बदलायलासुद्धा ट्रान्झिट व्हिसा लागतो. नाडीहून तारावाचं विमान रोज नसतं, म्हणून नाडीतल्या एक-दोन रात्रींचा खर्च धरूनच चाला.

२. बॅगेत काय

तारावाहून पुढे जाणारी विमानं छोटी आहेत. वजनाची मर्यादा आणखी खाली येते, आणि कधी कधी सामान मागच्या फेरीला येतं. म्हणून औषधं, चष्मा आणि मिस्सेचं साहित्य हातातल्या पिशवीत.

घ्यायलाच हवं: सौर दिवा आणि छोटा सौर चार्जर, डोक्याला बांधायची बॅटरी, मच्छरदाणी, रीफवर (किनाऱ्यालगतच्या प्रवाळाच्या खडकावर) चालायला जाड तळाचे बंद बूट, चष्म्याची दुसरी जोडी, जखमेवरचं मलम आणि भरपूर पट्ट्या, ओआरएसची पाकिटं, सुईदोरा, हवाबंद डबे. खारी हवा महिन्याभरात घड्याळापासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यावर हात फिरवते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवा.

कपडे सुती आणि थोडे. लुंगी मात्र दोन-तीन घ्या. तिथे पुरुषही लावालावा गुंडाळतात, त्यामुळे आपली लुंगी पहिल्या दिवसापासून शोभते. सिस्टरांनी आणि स्वयंसेविकांनी गुडघ्याखाली जाणारे कपडेच घ्यावेत. मांड्या दिसणं तिथे पोट दिसण्यापेक्षा जास्त खटकतं.

मसाले न्यायचा मोह सगळ्यांना होतो. दळलेले, कारखान्यात सीलबंद केलेले न्या आणि विमानतळावरच्या फॉर्ममध्ये लिहा. बिया, कच्ची मुळं, घरचं लोणचं, मध नेऊ नका. प्रवाळावरच्या त्या थोड्याशा मातीत बाहेरची कीड शिरली तर लोकांचं अन्नच जाईल. नियम जाचक वाटला तरी पाळा.

३. तारावात थोडं थांबा

बोनरिकी विमानतळावर उतरल्यावर लगेच पुढे पळू नका. तेयाओराएरेके इथे धर्मप्रांताचं केंद्र आहे. तिथे काही आठवडे राहून भाषा सुरू करा, परवान्याची कामं संपवा, बैरिकीत बँकेचं खातं उघडा. बाहेरच्या बेटावर बँक नाही असंच धरून चला आणि रोकड सुट्ट्या नोटांत न्या. पन्नासाची नोट घेऊन गावच्या दुकानात गेलात तर दुकानदाराची अडचण होते.

नावेरेवेरेचं तुंगारू रुग्णालयही पाहून ठेवा. बेटावरून गंभीर रुग्णाला तिथेच पाठवतात. तिथल्या परिचारिकांशी ओळख झालेली असली की पुढे रेडिओवर किंवा फोनवर बोलणं सोपं जातं.

तारावाला पाहून बेटांबद्दल मत बनवू नका. दक्षिण तारावा अरुंद पट्टीवर दाटीवाटीने वसलेलं शहर आहे. बाहेरचं बेट अगदी वेगळं.

४. भाषा: इंग्रजीवर विसंबू नका

इंग्रजी कागदोपत्री अधिकृत आहे. गावातल्या आजीला, मासेमाराला, लहान मुलांना तिचा उपयोग नाही. सुरुवात अभिवादनापासून करा. एकाला ‘को ना मौरी’, अनेकांना ‘काम ना मौरी’. आभार मानताना एकाला ‘को राब्वा’, अनेकांना ‘काम राब्वा’. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण ‘को ना नाको इआ?’ म्हणजे ‘कुठे निघालात?’ विचारेल. ती चौकशी नव्हे, आपल्याकडे वाटेत विचारतात तशीच विचारपूस. जायचं ठिकाण सांगा आणि पुढे व्हा.

मोजताना सांभाळा. सजीवांना एक प्रत्यय, झाडांना दुसरा, सर्वसाधारण वस्तूंना तिसरा. मराठीत आपल्याला लिंगाची सवय असते, तशी ती सवय करावी लागते.

माझा सल्ला: शिक्षक म्हणून एक वयस्कर धर्मशिक्षक आणि एक दहा-बारा वर्षांचा मुलगा, असे दोघे धरा. धर्मशिक्षक प्रार्थनेची भाषा शिकवतो, मुलगा हसत हसत चुका सुधारतो. मुलाची शिकवणी नेहमी उघड्यावर, घरच्यांच्या नजरेसमोर. पहिले काही महिने प्रवचन लिहून काढा, धर्मशिक्षकाकडून तपासून घ्या आणि पाच मिनिटांत संपवा.

५. मानेआबात कसं वागायचं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक गावात मानेआबा असतो: मोठं, चारी बाजूंनी मोकळं सभागृह, वर केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या पानांचं उतरतं छप्पर. चर्चचाही आपला मानेआबा असतो. गावाचे निर्णय, लग्नं, मेजवान्या, पाहुण्यांचं स्वागत, सगळं इथे. निर्णय देतात ते उनिमवाने, म्हणजे गावातले वृद्ध. दक्षिणेकडच्या कित्येक बेटांवर पूर्वीपासून राजा किंवा प्रमुख नव्हताच. वृद्धांची सभा हीच सत्ता.

छप्पर इतकं खाली आलेलं असतं की आत जाताना वाकावंच लागतं. आत कुणाच्या समोरून उभ्याने चालू नका. वाकून, हात पुढे करून, परवानगी मागत सरका. मांडी घालून बसा, पाय कुणाच्या दिशेने पसरू नका. हे आपल्याला लहानपणापासून येतं आणि तिथे त्याचा मोठा फायदा होतो. खुर्चीवर वाढलेल्या पाहुण्याला तीन तासांची बैठक जड जाते, आपण निभावून नेतो. परंपरेने प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते. मोकळा खांब दिसला म्हणून टेकून बसू नका. कुठे बसायचं ते दाखवतील.

गावात पहिल्यांदा जाताना वृद्धांसाठी भेट न्यावी लागते. रीतीने ती तंबाखूची असते. तंबाखू देणं तुमच्या मनाला पटत नसेल तर आधी धर्मशिक्षकाशी बोला, तो चहा-साखरेसारखा पर्याय ठरवून देईल. रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका.

मेजवानीला बोताकी म्हणतात. तिथे तुमच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढेल, पुढ्यात ताट येईल, आणि सगळं गाव तुम्ही खाण्याची वाट पाहत बसेल. पाहुणा जेवल्याशिवाय बाकीचे हात लावत नाहीत. सगळ्यातलं थोडं थोडं घ्या आणि रेंगाळू नका, मागे मुलं भुकेली बसलेली असतात. नंतर भाषण करावं लागेल. नाव, आईवडील, गाव, आणि इथे का आलात, इतकं पुरे. आईवडिलांचं नाव गाळू नका. माणूस कुणाचा, हे कळल्याशिवाय तो त्यांना पुरता कळत नाही.

पारंपरिक नृत्य चालू असताना नाचणाऱ्यांचे चेहरे गंभीर असतात. पक्ष्यासारखे पसरलेले हात, झटक्यात वळणारी मान, आणि वाद्याविना उसळणारं समूहगान. ते नृत्य लोक मनापासून मानतात. शांतपणे पाहा, मध्येच मोबाइल घेऊन पुढे धावू नका. ते संपल्यावर स्पीकर लागतो आणि कुणी तरी तुम्हाला ‘ट्विस्ट’ नाचायला ओढतं. उठा. न उठणं म्हणजे बोलावणाऱ्याचा मान न ठेवणं.

६. पाणी

कंकणद्वीपावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी प्रवाळात झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो. बेटाच्या मध्यावर तो थोडा जाड, किनाऱ्याकडे विरळ. विहिरी उथळ असतात. पंप लावून जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं, आणि एकदा विहीर मचूळ झाली की लवकर सुधारत नाही. कोकणपट्टीतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की तिथे शेजारच्या गावाहून टँकर येत नाही.

नियम असे पाळा:

- टाकीतलं पावसाचं पाणी फक्त पिण्यास आणि स्वयंपाकाला. चर्चच्या छपरावरचं पाणी साठवणारी टाकी गावाची असते, फादरची नाही.
- अंघोळ आणि कपडे विहिरीच्या पाण्यात. एक बादली पुरते.
- प्यायचं पाणी उकळा, टाकीतलं असलं तरी. जुलाब हा तिथल्या बाळांचा मोठा शत्रू आहे आणि तुमचाही.
- विहीर कुणाची, डुकरं कुठे बांधतात, शौचाची जागा कुठे, हे पहिल्याच दिवशी विचारा. विहिरीजवळ साबण सांडू नका.
- पाऊस लांबला तर मिशनच्या टाकीची किल्ली बायकांच्या मंडळाकडे द्या. कुठल्या घरात तान्हं बाळ आहे, कुठे आजारी म्हातारं आहे, हे त्यांना तुमच्यापेक्षा नीट माहीत असतं.

दक्षिणेकडच्या बेटांवर ला निनाच्या वर्षांत, म्हणजे विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा थंड असतो तेव्हा, दुष्काळ पडतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. तेव्हा नारळाची फळंही लहान होतात.

७. दिवस कसा जातो

उजाडायच्या आधी माडांच्या शेंड्यांवरून गाणं ऐकू येतं. माडी काढायला चढलेले पुरुष वरून गातात. ताज्या माडीला करेवे म्हणतात. ती गोड, न आंबलेली असते आणि मुलांनाही पाजतात. आटवून तिचा पाक करतात, तो कामाइमाइ. आंबवलेली माडी मात्र दारूच, आणि तिच्यापायी घरं मोडतात. तरुणांनी आग्रह केला तर नाही म्हणा, त्याबद्दल कुणी रागावत नाही.

सव्वासहाच्या सुमारास फटफटतं. चर्चची घंटा बहुधा टांगलेला रिकामा गॅस सिलिंडर असतो. प्रार्थना, मिस्सा, मग अंगण झाडणं. प्रत्येक घरची माणसं सकाळी अंगणातली पानं झाडतात. तुमचं अंगण तुम्हीच झाडा. वाटेने जाणारी माणसं ते पाहतात.

चहा आणि बिस्किटं झाली की भाषेचा तास, मग शाळेत धर्मशिक्षणाचा वर्ग किंवा कार्यालयातल्या नोंदवह्या: बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. जुन्या वह्या दमटपणाने गळत असतात. फावल्या वेळात त्यांचे फोटो काढून ठेवणं हे मोठं काम आहे, कारण जमिनीच्या आणि वयाच्या भानगडीत लोक याच नोंदी शोधत येतात.

बेटावर गावं अनेक आणि फादर बहुधा एकच. प्रत्येक गावातली रविवारची उपासना धर्मशिक्षक चालवतो, तुम्ही पाळीपाळीने जाता. दोन बेटकांमधली वाट काही ठिकाणी ओहोटीतच पायी पार करता येते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून महिन्याचं वेळापत्रक भिंतीवरच्या घड्याळावरून आखू नका, भरती-ओहोटीचा तक्ता समोर घेऊन, धर्मशिक्षकाला शेजारी बसवून आखा. ‘मिस्सा नऊला’ असं जाहीर करून अकराला चिंब भिजून पोहोचलात तर गाव तोवर तसंच बसून राहिलेलं असतं.

मोटारसायकल असली तर ट्यूब, स्पार्क प्लग आणि चेनचं तेल सोबत. प्रवाळाचा कच टायर फाडतो. मानेआबात सभा भरलेली असेल तर समोरून गाडी पळवू नका. उतरा, ढकलत न्या.

दुपारी कुणी काम करत नाही, तुम्हीही करू नका. विषुववृत्ताचं ऊन डोक्यावर असतं. चारनंतर आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघर जायचं. घर म्हणजे बऱ्याचदा खांबांवरचा उंच ओटा आणि वर छप्पर. चप्पल खाली काढा, चटई अंथरतील तिथेच बसा. संध्याकाळी पोरांचा व्हॉलीबॉल, गायकवृंदाचा सराव. गाणं शिकवायला जाऊ नका, चार सुरांत गाणारी माणसं आहेत ती. बसून ऐका आणि शिका. साडेसहाला सूर्य बुडतो, घराघरातून रोझरी ऐकू येते, आणि सौर दिव्याचा उजेड संपला की दिवस संपतो.

रात्री आकाश मात्र बघा. जुने लोक कृत्तिका आणि ज्येष्ठा या ताऱ्यांवरून ऋतू ओळखत आणि होडी हाकत. कृत्तिकांना ते नेई औती म्हणतात, ज्येष्ठेला रिमविमाता. एखाद्या आजोबांना विचारलंत तर दोन तास कसे जातील कळणार नाही.

८. ताटात काय

भात आणि मासे, मासे आणि भात. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला याहून काय हवं? जोडीला नीरफणस, शहाळं, ओलं खोबरं, पपई, भोपळा. बाबाई हा अळूच्या कुळातला प्रचंड कंद, पाण्याच्या थरापर्यंत खणलेल्या खड्ड्यात वर्षानुवर्षं वाढवलेला. तो पुढ्यात आला तर समजा की तुमचा मोठा मान राखला जातोय. बाबाईचे खड्डे घराण्यांचे असतात, त्यांत डोकावताना परवानगी घ्या. हिरव्या भाज्या कमी, त्यामुळे मिशनच्या आवारात शेवग्यासारखं काही लावायची इच्छा होईल. बी बाहेरून आणू नका, बेटावर काय रुजतं ते कृषी सहायकाला विचारा.

दुकानात तांदूळ, मैदा, साखर, डब्यातलं मांस. जहाज लांबलं की तांदूळ संपतो. एक पोतं बाजूला ठेवा, पण शेजारी उपाशी असताना ते दाबून ठेवता येणार नाही, हेही मनाशी पक्कं करा.

सिग्वाटेरा नावाची मासळीतली विषबाधा समजून घ्या. रीफवरच्या काही माशांत हे विष साठतं. चव, वास, रंग कशातही फरक पडत नाही आणि शिजवून ते जात नाही. ओठ-बोटं झिणझिणणं, थंड वस्तू पोळल्यासारखी लागणं, उलट्या ही लक्षणं. कुठल्या बाजूचा कुठला मासा सध्या खाऊ नये, हे मासेमारांना माहीत असतं. स्वतः पकडलेला मासा त्यांना दाखवल्याशिवाय खाऊ नका.

९. बुबुती: मागणं आणि नकार

नात्यातल्या किंवा ओळखीतल्या माणसाने एखादी गोष्ट रीतीने मागितली की ती द्यायची, नकार देणं लाजिरवाणं. याला बुबुती म्हणतात. सायकल, सदरा, पैसे, पेट्रोल, काहीही. नवखा माणूस एक तर सगळं वाटून मोकळा होतो किंवा चिडून दार लावून घेतो. दोन्ही टाळा.

बुबुतीमागे शहाणपण आहे. साठवून ठेवायला जागा नसलेल्या, दुष्काळ ठरलेल्या बेटावर प्रत्येकाची गरज दुसऱ्याच्या हाताने भागते. तुम्हीही मागू शकता, आणि मागायलाही शिका. मासे लागले तर मागा, छप्पर गळलं तर माणसं मागा. जो फक्त देतो आणि कधी मागत नाही, तो परकाच राहतो.

व्यवहारात असं करा. स्वतःच्या वस्तू मोजक्या ठेवा आणि ज्या देणं जमणार नाही त्या आणूच नका. चर्चचं पेट्रोल, पैसे, हत्यारं यांची वही समितीकडे ठेवा. मग ‘हे माझं नाही, समितीला विचारू या’ हे उत्तर खरं असतं आणि लोक ते मानतात. ‘नाही माझ्याकडे’ असं खोटं कधीही सांगू नका. बेटावर कुणाकडे काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि कुणाच्या चटईचं, पंख्याचं तोंडभर कौतुक करू नका, ती वस्तू तुमच्या हातात ठेवली जाईल.

१०. समुद्राचा प्रवास

१८ जानेवारी २०१८ रोजी नोनौती बेटाहून तारावातल्या बेतिओ बंदराकडे निघालेली ‘बुतिराओई’ ही फेरी बुडाली. नव्वदहून जास्त माणसं गेली, सात वाचली. बेटावर असं घर विरळा ज्याच्या ओळखीतलं कुणी त्या बोटीत नव्हतं. हे आठवणीत ठेवा आणि तुमच्यासाठी कुणी घाईने बोट काढत असेल तर तुम्हीच थांबवा.

होडीत पाय ठेवण्याआधी पाहा: प्रत्येकाला लाइफ जॅकेट, इंजिनाबरोबर वल्हं किंवा शीड, पिण्याचं पाणी, आरसा, संकटात इशारा पाठवणारा बीकन. कुणाकडे कुठे निघालात आणि कधी पोहोचणार, हे सांगून जा. इंजिन बंद पडून आठवडेच्या आठवडे वाहत गेलेले मासेमार या देशात पुष्कळ आहेत. लगूनमधला, म्हणजे बेटाच्या कड्याआतल्या शांत पाण्यातला, प्रवासही याला अपवाद नाही. कप्तान ‘आज नको’ म्हणाला तर नाताळची मिस्सा असली तरी नको.

११. आजारपण

बेटावर दवाखाना आणि परिचारिका असते, डॉक्टर बहुधा नसतो. मलेरिया किरिबातीत नाही, डेंग्यू आहे. तापात ॲस्पिरिन घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या. प्रवाळाने झालेलं ओरखडं लगेच स्वच्छ पाण्याने घासून धुवा, दोन दिवसांत ते चिघळतं. रीफवर अनवाणी चालू नका, विषारी काट्यांचा स्टोनफिश मासा दगडासारखा पडून असतो.

क्षयरोग आणि कुष्ठरोग अजून आहेत. घरभेटीत खोकला किंवा बधिर चट्टा दिसला तर परिचारिकेला सांगा, गावात बोलू नका. कुष्ठरोगाबद्दलची भीती घालवणं हेही मिशनचंच काम. मधुमेह घराघरात आहे, म्हणून बोताकीला साखरेची पोती भेट देण्याआधी विचार करा.

१२. इतर पंथ आणि जुन्या जखमा

१८५७ मध्ये हायरम बिंगहॅम हा अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी अबैआंग बेटावर उतरला. त्याने भाषेला लिपी दिली आणि बायबलचं भाषांतर केलं. कॅथलिक प्रार्थना पहिल्यांदा आणली ती ताहितीहून परतलेल्या बेतेरो आणि तिरोई या इथल्याच माणसांनी. येशूच्या पवित्र हृदयाच्या संघाचे मिशनरी १० मे १८८८ रोजी नोनौतीला पोहोचले, तेव्हा त्यांची वाट पाहणारे लोक आधीच होते. म्हणजे परदेशी फादर येण्याआधी इथे श्रद्धा होती. धर्मशिक्षकासमोर बसताना हे विसरू नका.

ताबितेउएआ बेटावर १८८०च्या सुमारास हवाईहून आलेल्या काही उपदेशकांच्या चिथावणीने उत्तरेकडच्या नवख्रिस्ती लोकांनी दक्षिणेकडच्यांवर हल्ला केला आणि शेकडो माणसं मारली. तिथली नेमणूक असो वा नसो, हा इतिहास वाचून जा, आणि प्रवचनात ‘आपण’ आणि ‘ते’ अशी भाषा कधीही वापरू नका. किरिबाती युनायटिंग चर्चचे पाळक, मॉर्मन तरुणांच्या जोड्या, बहाई कुटुंबं, सगळे एकाच विहिरीचं पाणी पितात. त्यांच्या अंत्यविधीला जा. मृताच्या घरी रात्रभर गाणी आणि प्रार्थना चालतात, तिथे नुसतं बसणंही पुरतं.

समुद्र चढतोय, बेट बुडणार का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत कुणाला विचारू नका. लोकांना हे तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. त्यांच्या पूर्वजांच्या कबरी घराशेजारीच आहेत. ते स्वतः बोलतील तेव्हा ऐका.

१३. घरचा फोन आणि एकटेपण

गिल्बर्ट बेटं भारताच्या साडेसहा तास पुढे आहेत. आई रात्री नऊला जेवण आटोपून फोन करेल तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन असतात. रविवारी तुमच्या दुपारी दोनला करा, घरी सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि सगळे सापडतात. नेटवर्क नेहमी मिळेल असं नाही. ‘दोन आठवडे फोन आला नाही तरी काळजी करू नका’ हे निघण्याआधीच सांगून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मन बसतं. भाषा अर्धवट, नव्याची नवलाई संपलेली, आणि एकांत कुठेच नाही, कारण तुमच्या दारात सतत मुलं असतात. अशा वेळी खोलीत बसून राहू नका. जाळं टाकायला कुणाबरोबर तरी जा, चटई विणणाऱ्या बायकांजवळ बसा. पापनिवेदनासाठी आणि मन मोकळं करायला दुसऱ्या बेटावरचा एक फादर किंवा सिस्टर आधीच ठरवून ठेवा, महिन्यातून एकदा नक्की बोला. मराठीत रोज थोडं लिहा.

पहिल्या सुट्टीवर निघण्याआधी वह्यांची एक प्रत तारावाला पाठवा, टाकीची किल्ली आणि समितीचा हिशोब धर्मशिक्षकाच्या हाती द्या, आणि परत कधी येणार ते मानेआबात सगळ्यांसमोर सांगा. विमान रद्द होण्याची शक्यता धरून आंतरराष्ट्रीय तिकिटाच्या निदान आठवडाभर आधी बेट सोडा.